दगडांचे पुनर्वसन

‘मानवजातीचा सामाईक वारसा’ हा शब्दप्रयोग शाळेच्या पाठ्यपुस्तकापासून मंत्र्यांच्या भाषणापर्यंत सर्वत्र वावरत असतो. शब्द मोठा आहे, आणि मोठ्या शब्दांकडे संशयाने पाहण्याची सवय आपल्याला इतिहासानेच लावली आहे. अवघे विश्व हे एकच कुटुंब आहे असे सांगणाऱ्यांच्या गावालाही वेस होती आणि त्या वेशीबाहेर आपली वस्ती होती. म्हणून हा शब्द ऐकला की पहिला प्रश्न असा पडतो की, या ‘मानवजाती’त मोजणी कोणाकोणाची झाली? वारसा ठरवणारे कोण, जपणारे कोण आणि त्याच्यासाठी उठवले जाणारे कोण? सांस्कृतिक प्रश्न हा पोटाच्या प्रश्नानंतरचा, फावल्या वेळेतला प्रश्न आहे असे मानणाऱ्या आपल्यातल्या काही कार्यकर्त्यांनीही या प्रश्नाकडे लक्ष द्यावे, असे मला वाटते.

या शब्दाच्या पाठीशी उभी असलेली संस्था म्हणजे युनेस्को, संयुक्त राष्ट्रांची शिक्षण, विज्ञान व संस्कृती यांसाठीची संघटना. तिची घटना १६ नोव्हेंबर १९४५ रोजी लंडन येथे स्वीकारली गेली. त्या घटनेच्या प्रास्ताविकात नुकत्याच संपलेल्या महायुद्धाची कारणमीमांसा आहे. अज्ञान आणि पूर्वग्रह यांच्या आधारे माणसामाणसांतील व वंशावंशांतील विषमतेचा सिद्धान्त पसरवला गेला म्हणून हे युद्ध शक्य झाले, असे तिचे म्हणणे. हे निदान आपल्याला परके नाही. विषमतेला तत्त्वज्ञानाचे अधिष्ठान दिले की माणसे काय करू शकतात, हे सांगायला आपल्याला हिटलरपर्यंत जावे लागत नाही. म्हणून या संस्थेकडे केवळ गोऱ्यांचा उद्योग म्हणून पाहून चालणार नाही. तिने स्वतः घालून घेतलेल्या कसोटीवरच तिला घासून पाहिले पाहिजे. समीक्षेचा तोच प्रामाणिक मार्ग होय.

एक योगायोग येथे नोंदवतो. १९५६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये युनेस्कोची सर्वसाधारण परिषद नवी दिल्लीत भरली होती. पूर्व आणि पश्चिम यांनी एकमेकांची सांस्कृतिक मूल्ये जाणून घ्यावीत यासाठी एक दहा वर्षांची मोठी योजना तेथे मंजूर झाली. त्याच्या काही आठवडे अगोदर, १४ ऑक्टोबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखोंच्या साक्षीने धम्मदीक्षा घेतली होती. नोव्हेंबरात ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि मार्क्स या विषयावर बोलले, आणि ६ डिसेंबरला त्याच दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. या दोन घटनाक्रमांचा एकमेकांशी कागदोपत्री संबंध मला जोडायचा नाही. परंतु ‘पूर्वेची मूल्ये’ म्हणजे काय, याची चर्चा राजधानीत चालू असताना पूर्वेच्या पोटातला सर्वांत मोठा मूल्यसंघर्ष नागपूरच्या मैदानावर घडून गेलेला होता. ‘पूर्व’ ही एकजिनसी वस्तू आहे आणि तिच्या वतीने तिचे सरकार बोलू शकते, हे गृहीतक तेव्हाच तपासले जायला हवे होते. ते तपासले न गेल्याचे परिणाम काय होतात, हे पुढच्या काही वर्षांत नाईल नदीच्या काठावर दिसून आले.

इजिप्तच्या दक्षिण टोकाला आणि सुदानच्या उत्तरेला नाईलच्या दोन्ही तीरांवर न्युबिया नावाचा प्रदेश आहे. तेथील माणसे वर्णाने काळी, भाषेने वेगळी. इजिप्तच्या शहरांत दरवान, स्वयंपाकी, घरगडी म्हणून राबणारी माणसे ती हीच. आस्वानचे पहिले धरण १९०२ मध्ये पुरे झाले, १९१२ मध्ये आणि पुन्हा १९३३ मध्ये त्याची उंची वाढवली गेली. प्रत्येक वेळी न्युबियनांची शेते आणि खजुरीच्या बागा पाण्याखाली गेल्या, प्रत्येक वेळी गावे डोंगराच्या अंगाला आणखी वर सरकली आणि पुरुष कैरो-अलेक्झांड्रियाची वाट धरून गेले. १९६० मध्ये मोठ्या धरणाचे काम सुरू झाले तेव्हा मात्र वर सरकायला जागाच उरणार नव्हती. सगळा प्रदेश बुडणार होता.

त्या प्रदेशात प्राचीन मंदिरेही होती. त्यांत अबू सिंबेल येथील दुसऱ्या रामसेसची, डोंगरात कोरलेली, तीन हजारांहून अधिक वर्षे जुनी लेणी सर्वांत प्रसिद्ध. ८ मार्च १९६० रोजी युनेस्कोने जगाला आवाहन केले की, हा वारसा एकट्या इजिप्तचा नाही, तो सर्वांचा आहे, तो वाचवा. जगाने प्रतिसाद दिला. सुमारे पन्नास देशांनी हातभार लावला. १९६४ ते १९६८ या काळात अबू सिंबेलची मंदिरे करवतींनी कापून हजाराहून अधिक तुकडे करण्यात आले, आणि जुन्या जागेपासून सुमारे ६५ मीटर उंच व २०० मीटर मागे ती पुन्हा जशीच्या तशी रचण्यात आली. एवढ्या एका कामाला सुमारे ४ कोटी डॉलर लागले. वर्षातून दोनदा सूर्याचा किरण गाभाऱ्यातल्या मूर्तींवर पडतो, तो नव्या जागीही पडावा म्हणून दिशेचा हिशेब सांभाळला गेला. ज्या देशांनी मदत केली त्यांतल्या काहींना इजिप्तने कृतज्ञता म्हणून लहान मंदिरे भेट दिली. देंदूरचे मंदिर न्यूयॉर्कच्या संग्रहालयात गेले, देबोदचे माद्रिदला, ताफेहचे नेदरलँड्समधील लायडनला, एलेसियाचे इटलीत तुरिनला. भारतही मागे नव्हता. आपल्या पुरातत्त्व खात्याचे एक पथक बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली बुडणाऱ्या न्युबियात उत्खनन करून आले.

आणि माणसे? ऑक्टोबर १९६३ ते जून १९६४ या काळात इजिप्तमधील सुमारे ५० हजार न्युबियन आगबोटींत, रेल्वेत आणि बसगाड्यांत घालून आस्वानच्या उत्तरेला कोम ओम्बोच्या परिसरात नेऊन सोडण्यात आले. सुदानच्या बाजूचे जवळपास तितकेच लोक वादी हाल्फाहून शेकडो किलोमीटर दूर खश्म अल-गिर्बा येथे गेले. न्युबियन माणसाचे घर ऐसपैस अंगणाचे, भिंतींवर चितारलेले आणि तोंड नाईलकडे केलेले असे. नव्या वसाहतीत त्याला सिमेंटच्या एकसारख्या रांगांतील घर मिळाले आणि नदी दृष्टीआड गेली. घरांचे वाटप कुटुंबातील माणसांच्या संख्येवरून झाल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजार आणि भाऊबंदक्या तुटल्या. पहिल्या काही महिन्यांत लहान मुले आणि म्हातारी माणसे मोठ्या प्रमाणात दगावली. गावांना जुनीच नावे दिली गेली, एवढाच काय तो वारसा बरोबर आला.

मूर्तीच्या गाभाऱ्यातील सूर्यकिरणाचा हिशेब झाला, परंतु जिवंत माणसाच्या दाराची दिशा कोणी विचारली नाही. या एका वस्तुस्थितीत ‘सांस्कृतिक वारसा’ या कल्पनेची सगळी समीक्षा सामावलेली आहे असे मला वाटते.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. धरण युनेस्कोने बांधले नाही. इजिप्तच्या गरीब फेल्लाहीनला, म्हणजे शेतकऱ्याला, बारमाही पाणी आणि वीज हवी होती, ही गरज खोटी नव्हती. मंदिरे वाचवली म्हणून माणसे बुडाली, असेही म्हणता येत नाही. माणसांचे स्थलांतर हा त्या त्या सरकारचा अंतर्गत प्रश्न समजला गेला, आणि मंदिरे हा जगाचा प्रश्न समजला गेला. आक्षेपाचा मुद्दा नेमका हाच आहे. दगड आंतरराष्ट्रीय ठरला आणि माणूस अंतर्गत राहिला. ‘अंतर्गत प्रश्न’ हा शब्द आपल्या चांगल्याच ओळखीचा आहे. २००१ मध्ये डर्बनच्या वंशवादविरोधी परिषदेत जातीचा प्रश्न मांडण्याचा प्रयत्न झाला तेव्हा भारत सरकारने हीच भूमिका घेतली होती. संस्कृती निर्यात करायची आणि विषमता घरात झाकून ठेवायची, ही राज्यकर्त्यांची जुनी रीत आहे.

याच १९६० सालात युनेस्कोने दुसरेही एक काम केले, त्याची आठवण फार थोड्यांना असते. डिसेंबरमध्ये पॅरिस येथे शिक्षणातील भेदभावाविरुद्धचा करार संमत झाला. भेदभाव कशाकशाच्या आधारे होतो याची यादी त्याच्या पहिल्याच कलमात आहे. वंश, वर्ण, लिंग, भाषा, धर्म, मत, राष्ट्रीय वा सामाजिक उगम, आर्थिक स्थिती आणि शेवटी ‘जन्म’. जन्म! माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. माझ्या आधीच्या पिढ्या शाळेच्या बाहेर का राहिल्या याचे उत्तर या एका शब्दात आहे. मंदिरांच्या मोहिमेवर चित्रपट निघाले, टपाल तिकिटे निघाली, या कराराचे नाव मात्र आमच्या महाविद्यालयातील शिक्षकांच्या खोलीतही कोणी घेत नाही. वारसा दाखवता येतो, त्याचे तिकीट लावता येते. शिक्षणातील समता ही दाखवण्याची वस्तू नव्हे, ती द्यावी लागते. द्यायचे म्हटले की कोणाचे तरी काहीतरी सुटते.

न्युबियनांचे म्हणणे अखेर मांडले ते त्यांच्या साहित्याने. मुहम्मद खलील कासिम हा कम्युनिस्ट कार्यकर्ता. त्याने तुरुंगात लिहिलेली ‘अल-शमंदूरा’ ही कादंबरी १९६८ मध्ये, म्हणजे अबू सिंबेलची पुनर्रचना पुरी झाली त्याच वर्षी, प्रसिद्ध झाली. तिचा विषय १९३३ ची उंचीवाढ आणि बुडालेली गावे हा आहे. पहिली न्युबियन कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. हज्जाज हसन उद्दूल हा तर मोठ्या धरणाच्या बांधकामावर राबलेला मजूर. ज्या भिंतीने आपला प्रदेश बुडवला ती आपल्याच हातांनी उभारावी लागलेला हा माणूस चाळिशीनंतर लिहू लागला. इद्रिस अली हा बहुतांशी स्वतःच शिकलेला लेखक, त्याची ‘डोंगोला’ ही कादंबरी १९९३ ची. यांतले जे मला वाचायला मिळाले ते इंग्रजी अनुवादातून, तेव्हा भाषेविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही. पण भूमिकेविषयी बोलता येते.

‘न्युबियन साहित्य’ हे नाव पुढे आले तेव्हा कैरोच्या साहित्यिक वर्तुळांतून विचारणा झाली की, तुम्ही अरबीत लिहिता, मग हे वेगळे नाव कशाला? ही फुटीरता नव्हे काय? साहित्याला कसली आली जमात? या प्रश्नांची भाषा बदलली तर ते थेट आपल्या नियतकालिकांच्या जुन्या अंकांत सापडतील. दलित साहित्य असे वेगळे काही असते काय, असे जे विचारत होते त्यांनी आपल्या साहित्याला ‘ब्राह्मणी’ असे नाव कधी लावून घेतले नाही, कारण ज्याचे सर्वत्र राज्य असते त्याला नावाची गरज नसते. नाव बाहेरच्यालाच घ्यावे लागते. न्युबियन लेखकाने आणि दलित लेखकाने एकमेकांचे नावही न ऐकता एकच भांडण भांडले. माझ्या मते खरे आंतरराष्ट्रीय सहकार्य येथून सुरू होऊ शकते. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतील निग्रो विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, त्यांच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती, ती याच दिशेने टाकलेले पाऊल होती.

‘डोंगोला’चे आणखी एक महत्त्व आहे. कादंबरीचा नायक अवद राजकीय कैदी होता, व्यवस्थेवर चिडलेला आहे आणि प्राचीन न्युबियन राज्याचे, त्याच्या डोंगोला या राजधानीचे स्वप्न तो उराशी धरून आहे. पण लेखक शेवटी त्याला सोडून त्याच्या बायकोकडे, हलीमाकडे वळतो. नवरा परदेशी, घरात आंधळी सासू, आणि ही कोवळी स्त्री गावात कोंडून पडलेली. नायकाच्या गौरवशाली राजधानीत तिच्यासाठी एक खोलीही नाही. आपल्याच लोकांच्या वारशाच्या अभिमानावर इतका निर्मम प्रकाश टाकणारा लेखक बांधिलकी मानणारा आहे, यात शंका नाही. दडपलेल्या समाजालाही भूतकाळाचे मंदिर बांधण्याचा मोह होतो, आणि त्या मंदिराच्या पायरीशी पुन्हा बाईच बसवली जाते. आपल्याकडील आत्मकथनांनी बाहेरच्या व्यवस्थेची जितकी झडती घेतली तितकी घरातली घेतली की नाही, हे दलित स्त्रियांच्या लेखनाने आपल्याला विचारलेले आहेच.

न्युबियाच्या मोहिमेच्या यशातून १९७२ चा जागतिक वारसा करार आला. अबू सिंबेलपासून फिलेपर्यंतची स्मारके १९७९ मध्ये त्याच्या यादीत गेली. या कराराची रचना समजून घेतली पाहिजे. एखादे स्थळ यादीत घालण्याचा प्रस्ताव फक्त सरकार मांडू शकते. लोक, संघटना, वस्ती यांना तो अधिकार नाही. या कराराच्या उद्दिष्टांत ‘समुदाय’ हा शब्द घालायला २००७ साल उजाडावे लागले. दरम्यान न्युबियन वाट पाहत राहिले. इजिप्तच्या २०१४ च्या राज्यघटनेने कलम २३६ मध्ये त्यांना दहा वर्षांत मूळ प्रदेशात परत आणण्याचे वचन दिले, आणि त्याच वर्षी निघालेल्या एका अध्यादेशाने त्या प्रदेशातील अनेक गावांची जमीन सीमेवरील लष्करी क्षेत्रात घातली. दहा वर्षे संपली, वचन पुरे झाले नाही.

सरकारच्या हातून वारसा ठरला की काय होते, याची उदाहरणे आपल्या घरातही आहेत. २००३ मध्ये युनेस्कोने भारताच्या प्रस्तावावरून वैदिक पठणाची परंपरा मानवजातीच्या मौखिक वारशाचा श्रेष्ठ नमुना म्हणून घोषित केली. ज्या वेदश्रवणाचा अधिकार धर्मशास्त्रांनी स्त्रीशूद्रांना नाकारला, तो वारसा मानवजातीचा केव्हा झाला? मानवजातीचा म्हणायचा तर त्या बहिष्काराचा इतिहासही त्याच फलकावर कोरला पाहिजे. जुलै २०२५ मध्ये शिवकालीन व मराठेशाहीतील बारा किल्ले जागतिक वारसा ठरले, त्यांत रायगड आहे. याचा आनंद मलाही आहे. ते किल्ले ज्यांनी राखले त्यांत आपले पूर्वज होते. परंतु रायगड ज्या महाड तालुक्यात येतो त्याच महाडात चवदार तळे आहे. २० मार्च १९२७ रोजी तेथे माणसांनी पाणी प्यायले आणि त्या साध्या कृतीने एका संस्कृतीचा पाया हादरला. पाण्याला माणसाचा स्पर्श होऊ न देणारी संस्कृती आणि तो हक्क मिळवणारी माणसे, यांचा इतका स्पष्ट साक्षीदार जगात दुसरा कोणता असेल?

अशा जागा यादीत बसत नाहीत, असे कोणी म्हणू नये. सेनेगलचे गोरे बेट १९७८ पासून आहे, आउशविट्झ १९७९ पासून, नेल्सन मंडेला जेथे कैदेत होते ते रॉबेन बेट १९९९ पासून आहे. माणसाने माणसाला कसे वागवले याची स्मृती हाही वारसा आहे, हे जगाने मान्य केलेले आहे. मात्र रॉबेन बेटाचा प्रस्ताव गेला तेव्हा दक्षिण आफ्रिकेची सत्ता कैद्यांच्या हाती आलेली होती. आपला प्रश्न तेथेच अडतो. अस्पृश्यतेच्या इतिहासाची स्मृती जगापुढे मांडण्याची इच्छा असलेली सत्ता असल्याखेरीज तो प्रस्ताव जाणार नाही.

मग आपण काय मागायचे? चवदार तळ्याला पॅरिसची पाटी मिळावी, एवढीच मागणी मला अपुरी वाटते. पाटीमागून कुंपण येते, कुंपणामागून तिकीट येते, आणि ज्यांची ती जागा त्यांनाच एक दिवस रांगेत उभे राहावे लागते. आपली मागणी तीन पदरी असावी. वारशाच्या प्रस्तावात संबंधित लोकांच्या संघटनांना मत आणि नकाराधिकार असावा. कोणत्याही वारशाची ओळख करून देताना त्यातून वगळलेल्यांचा इतिहास सांगणे बंधनकारक असावे. आणि शिक्षणातील जन्माधारित भेदभावाचा हिशेब वारशाच्या यादीइतक्याच गांभीर्याने दर वर्षी जगापुढे मांडला जावा. हे काम सरकारवर सोपवून आपण स्वस्थ बसलो तर ते होणार नाही. महाविद्यालयातील आपल्या विद्यार्थ्यांनी गावोगावच्या विहिरी, पाणवठे, वसतिगृहे, सत्याग्रहाच्या जागा आणि जात्यावर म्हटल्या जाणाऱ्या भीमाच्या ओव्या यांची नोंद आजच करायला घेतली पाहिजे. बुडण्याची वाट पाहून मग उत्खनन करणे, ही रीत न्युबियात एकदा झाली आहे.

१९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले. वेरूळ जवळ, अजिंठाही एका दिवसाच्या वाटेवर. ती लेणी त्यांना प्रिय होती, त्यांचे मोल ते जाणत होते. पण त्यांनी त्या दगडांच्या शेजारी उभी केली ती मराठवाड्याच्या पोरांसाठी शाळा. तिला नाव दिले मिलिंद, आणि परिसराला नागसेनवन. ग्रीक वंशाचा राजा आणि बौद्ध भिक्खू यांच्या त्या संवादात नागसेन चर्चेपूर्वीच एक अट घालतो. राजे चर्चा करतात तशी चर्चा करणार असशील तर मी बोलणार नाही, कारण राजाला विरोध केला की तो शिक्षा फर्मावतो. विद्वानांसारखी करणार असशील तर बोलेन, तेथे चूक दाखवता येते. मिलिंदाने ती अट मान्य केली. दोन संस्कृतींच्या सहकार्याचा इतका स्वच्छ नियम मला दुसरीकडे आढळलेला नाही. आजचे आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक सहकार्य अजून राजांच्या रीतीने चालले आहे. ते नागसेनाच्या अटीवर यावे, यासाठी बोलत राहणे हे आपले काम आहे.